चेन वाजतेय, म्हणून गाडी विकू का?

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडं आवरून देतो.

"दादा, आमच्याकडे २०१३ च्या दसऱ्याला घेतलेली डिझेल स्विफ्ट आहे, व्हीडीआय. सासऱ्यांनी, म्हणजे आम्ही ज्यांना बाबा म्हणतो त्यांनी, रिटायर झाल्यावर घेतली, आता मी वापरते. मी पाटणच्या बाजूला शाळेत शिकवते, रोज जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर होतात आणि महिन्यातून एकदा मुलांना घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला माहेरी जाते. रनिंग १ लाख ६८ हजार झालंय. दोन महिने झाले, सकाळी पहिला स्टार्टर मारला की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, दोन-तीन सेकंदांनी आपोआप बंद होतो. शिवाय चढाला पिकअप मिळत नाही आणि मागून काळा धूर येतो. ऑइल कमी होत नाही, इंजिन गरमही होत नाही. एका मोठ्या वर्कशॉपने इंजिन पूर्ण खोलावं लागेल म्हणून ८५ हजार सांगितले. आमचा नेहमीचा मिस्त्री म्हणतो २२ हजारांत चेन किट टाकून देतो. पुण्याचा भाऊ म्हणतो काढून टाक, डिझेलवर बंदी येतेय, नवी सीएनजी घे. त्याचे गाड्यावेडे मित्र म्हणतात हे इंजिन सोन्यासारखं आहे, विकायचं नाही, उलट रिमॅप करून घ्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवा. आणि बाबा म्हणतात माझ्या डोळ्यांदेखत ही गाडी विकू नका. मी नक्की कुणाचं ऐकू?"

ताई, आधी एवढंच सांगतो की आज कुणालाच काही देऊ नका, ८५ हजारही नाही आणि २२ हजारही नाही. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत, सकाळचा आवाज हे एक आणि चढावरचा काळा धूर हे दुसरं, आणि सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने दोन्हीची मोट बांधून आपापलं औषध सांगितलंय. वर्कशॉपने दोन्हीसाठी मिळून इंजिन खोलायला सांगितलं, मिस्त्रीने आवाज ऐकला आणि धुराकडे बघितलं नाही, भावाने गाडीचं वय बघितलं, त्याच्या मित्रांनी इंजिनचं नाव बघितलं. गाडीला काय झालंय ते कुणी मोजून बघितलंय असं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, कारण आपल्याकडे माणसाला साधा ताप आला तरी रक्त तपासून घेतात आणि गाडीचं मात्र नुसता आवाज ऐकून ऑपरेशन ठरतं.

आवाजाचं आधी बघू. इंजिनच्या खालच्या क्रँकपासून वरच्या कॅमशाफ्टपर्यंत एक लोखंडी चेन फिरते, तिच्यामुळे व्हॉल्व बरोबर वेळेला उघडतात आणि बंद होतात. ती चेन ताणून धरायला टेन्शनर असतो आणि त्याला जोर मिळतो तो ऑइलच्या प्रेशरमधून. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, सकाळी स्टार्टर मारल्यावर प्रेशर यायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात चेन झिजून लांबलेली असेल तर ती गाईडवर, म्हणजे तिला वाट दाखवणाऱ्या पट्टीवर, आपटत राहते. नवी असताना ती मुळात कमी सैल असते म्हणून ऐकू येत नाही. म्हणजे तुम्ही सांगितलेला डब्यातल्या खिळ्यांचा आवाज चेनच्या दुखण्याशी तंतोतंत जुळतो, आणि हे दुखणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही, चेन एखाददुसरा दात जरी सरकली तरी व्हॉल्व जाऊन पिस्टनला भिडू शकतात आणि मग ते ८५ हजार खरोखरच द्यावे लागतात. म्हणजे आवाजाच्या बाबतीत तुमचा मिस्त्री बहुतेक बरोबर आहे. पण बहुतेकवर २२ हजार द्यायचे नसतात. उद्या सकाळी गाडी थंड असताना आधी ऑइलची पट्टी काढून बघा, लेव्हल खालच्या खुणेला टेकली असेल तर ते भरून घ्या आणि पुन्हा दोन दिवस ऐका. मग बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि तुम्ही मोबाईल चेन कव्हरच्या बाजूला धरून रेकॉर्ड करा. कधी कधी बाहेरच्या बेल्टची पुली पण अशीच खडखडते, ते कळायला मिस्त्रीला बेल्ट उतरवून सकाळी थंड इंजिन फक्त दहा सेकंद चालू करायला सांगा, तरी आवाज आला तर तो आतलाच.

आता त्या सोन्यासारख्या इंजिनाबद्दल, कारण गाड्यावेडे लोक उगाच बोलत नाहीत, त्यामागे खरी माया आहे आणि ती मलाही आहे. तुमच्या गाडीत आहे ते फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. युरोपात २००३ मध्ये आलं आणि २००५ मध्ये त्याला त्याच्या गटातलं वर्षातलं सर्वोत्तम इंजिन असा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. आपल्याकडे ते हरियाणात मानेसरला बनलं आणि इथे आपल्या रांजणगावलाही बनलं, आणि मग स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत तेच एक इंजिन बसत गेलं, म्हणून तर लोक त्याला नॅशनल इंजिन म्हणायला लागले. २०१२-१३ च्या आसपास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे वीस रुपयांच्या वर फरक असायचा, त्यामुळे घराघरात डिझेल गाडी आली, तुमच्या बाबांनीही तोच हिशोब केला असणार आणि तो त्या वेळी अगदी योग्य होता. नंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव खुले झाले, फरक कमी होत गेला, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस ६ हा धुराचा कडक नियम लागू झाला तेव्हा मारुतीने डिझेल बंदच केलं, कारण छोट्या डिझेल इंजिनला नव्या नियमात बसवायचं तर धूर गाळणारा डीपीएफ आणि बाकीचं सामान लावून गाडीची किंमत परवडेनाशी होते. असं छोटं, साधं, वीसचं ॲव्हरेज देणारं आणि घाटात जोर देणारं डिझेल आता नव्या छोट्या गाडीत फारसं मिळत नाही, गाड्यावेडे हळहळतात ते यासाठी.

तुमच्यासाठी या सगळ्याचा फायदा वेगळा आहे. इतक्या गाड्यांत हे इंजिन गेलंय की तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीचाही त्याच्यावर हात बसलेला आहे, पार्ट सहज मिळतात, आणि तुमच्या गाडीत डीपीएफ नाही म्हणजे ती भानगडच नाही. पण नाव मोठं असलं म्हणून चेन झिजायची थांबत नाही. या इंजिनमध्ये बेल्टऐवजी चेन आहे म्हणून लोक म्हणतात बघायलाच नको, आयुष्यभर चालते, आणि ते खरं असतं ते ऑइल वेळेवर बदललं तरच. ऑइलचा चेंबर लहान, तीन लिटरच्या आसपास ऑइल, त्यात डिझेलची काजळी मिसळत राहते, ते काळं जाड झालेलं ऑइल टेन्शनरपर्यंत वेळेत पोचत नाही आणि चेनच्या पिना घासत राहतात. तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारतो, लॉकडाऊनच्या काळात शाळा बंद असताना गाडी उभी होती तेव्हा ऑइल बदललं होतं का? किलोमीटर झाले नाहीत म्हणून बदललं नाही असं फार घरांत झालंय. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, हा नियम तुम्ही आजपासून पाळा, ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, आणि फिल्टर लोकल नको, त्यात शे-दोनशे वाचतात आणि हजारो जातात.

आता धूर. काळा धूर म्हणजे आत डिझेल जातंय पण जळायला हवा पुरत नाहीये, किंवा डिझेलच नीट फवारलं जात नाहीये. निळसर धूर असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं, पांढरा आणि न थांबणारा असता तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल. तुम्ही काळा लिहिलाय आणि वर ऑइल कमी होत नाही, गरम होत नाही असंही लिहिलंय, ही दोन वाक्यं तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची आहेत, कारण रिंग-पिस्टन खरंच गेले असते तर ऑइल कमी झालं असतं आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर फसफस वाफा आल्या असत्या. मग पूर्ण इंजिन खोलायचं कशासाठी?

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, अजून आठवलं की पोटात कालवतं. माझ्या आधीच्या डिझेल गाडीला हेच झालं होतं, चढाला मरायची आणि मागे काळा लोट. एका वर्कशॉपने टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला म्हणून बदलला, फरक पडला नाही. मग डिझेल फवारणारे इंजेक्टर गेलेत म्हणाले, दोन बदलले, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. पंचेचाळीस हजार गेले होते आणि मी गाडी विकायलाच काढली होती. साताऱ्याहून पुण्याला येताना सुरूर फाट्याच्या अलीकडे गाडीने फारच मान टाकली म्हणून एका पत्र्याच्या शेडमधल्या गॅरेजला थांबलो, तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी काही न बोलता एका मगात साबणाचं पाणी केलं, दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडून येणाऱ्या रबरी पाईपवर ओतलं आणि मला म्हणाले, आता रेस करा. मी रेस केली तर पाईपच्या खालच्या बाजूला, जिथे वरून बघून कधीच दिसलं नसतं तिथे, बोटभर चिरेतून भराभरा फुगे यायला लागले. टर्बो हवा दाबत होता आणि ती निम्मी हवा तिथूनच बाहेर जात होती. पाईप आणि दोन क्लिपांचे पैसे घेतले, मजुरीचे म्हणून फक्त चहा पाजा म्हणाले. त्या दिवसापासून मी कुणालाही आधी साबणाचं पाणी ओतायला सांगतो.

तर तुमच्या धुरासाठी स्वस्तातून महागाकडे जायचं. एअर फिल्टर काढून उजेडात धरा, पाटणच्या रस्त्याच्या धुळीत तो लवकर भरतो. मग हे साबणाचं पाणी, टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनपर्यंतचे सगळे पाईप. मग ईजीआर व्हॉल्व, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व, आणि त्याच्या पुढचा इनटेक, म्हणजे हवा आत जायची वाट, या वयाच्या डिझेलमध्ये काजळी आणि ऑइलच्या वाफा मिळून तिथे डांबरासारखा थर बसतो, हवा जायची वाट निम्मी होते, तो काढून साफ करणं हे एका दिवसाचं काम आहे आणि पिकअपमध्ये फरक लगेच कळतो. आणि मग इंजेक्टर, पण ते बदलायच्या आधी रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, आणि कुठल्या बाटलीत डिझेल जास्त साठलं ते बघायचं. चार बाटल्यांची पातळी शेजारी-शेजारी सारखी आणि कमीच असेल तर इंजेक्टर बहुतेक आतून गळत नाहीयेत, एकच भरलेली दिसली तर तो एकच आजारी आहे, तेवढाच चांगल्या डिझेल लॅबमध्ये टेस्टला द्या. तुमच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते आणि या इंजेक्टरमध्ये डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने जातं, त्यामुळे हे काम रस्त्यावर पान्याने ठोकून करणाऱ्याकडे द्यायचं नाही, इथे मात्र पैसे वाचवू नका. शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते बघायची, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. ते आकडे चांगले आले तर ८५ हजारांचा विषय तिथेच संपला.

वर्कशॉपने तुम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही, मी गाडी बघितलेली नाही. पण या धंद्याची आजची घडी कशी आहे ते सांगतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये कामाचा वेळ बांधून दिलेला असतो, एका मुलाच्या अंगावर दिवसाला अमुक गाड्या असतात, त्याला दोन तास शोधाशोध करायला कुणी देत नाही, आणि काम करून दिल्यावर गाडी पुन्हा तक्रार घेऊन आली तर बोलणी त्यालाच बसतात. मग सगळंच बदलून टाकणं हा त्यांच्यासाठी सुरक्षित रस्ता असतो. आपल्या खिशासाठी तो सुरक्षित असतोच असं नाही. उलट आपल्या ओळखीचा मिस्त्री वेळ देतो पण त्याच्याकडे स्कॅनर नसतो, टॉर्क पाना नसतो, आणि चेनचं टायमिंग लॉक करायचं टूल नसेल तर तो खडूने खूण करून काम करतो, ते या इंजिनला चालत नाही. म्हणून तुमच्या मिस्त्रीला सरळ विचारा की टायमिंग लॉकचं टूल आहे का, नसेल तर कुणाचं आणणार. याचं त्याला वाईट वाटणार नाही, चांगल्या कारागिराला असं विचारणारं गिऱ्हाईक आवडतं. आणि किट म्हणजे नुसती चेन नको, चेन, टेन्शनर, गाईड आणि दात्यांची चाकं सगळं एकत्र, नामांकित कंपनीचं, डबा तुमच्यासमोर फोडायचा आणि बिल घ्यायचं.

रिमॅपचं तर अजिबात मनावर घेऊ नका. मित्र म्हणत असतील की हेच इंजिन एर्टिगात ९० पीएस देतं मग स्विफ्टमध्ये ७५ का. इंजिन एकाच घराण्यातलं आहे हे खरं, पण एर्टिगात टर्बोच वेगळा आहे, पात्यांचा कोन बदलणारा, तुमच्यात साधा आहे, तो फरक लॅपटॉपने भरून निघत नाही. १ लाख ६८ हजार चाललेल्या क्लचवर, टर्बोवर आणि झिजलेल्या चेनवर जास्तीचा जोर टाकायचा म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला गड चढायला लावण्यासारखं आहे. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कचाट्यात असे बदल येऊ शकतात, इन्शुरन्सवाल्यांना क्लेम नाकारायला कारण मिळतं. गाड्यांची आवड असलेल्यांनी स्वतःच्या गाडीवर काय करायचं ते करावं, रोज शाळेत वेळेवर पोचायचं असलेल्या बाईच्या गाडीवर नको.

भावाचं म्हणणं. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा तो नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर पट्ट्यातला आहे, २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशातून आलेला. महाराष्ट्रात तो लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं, तुमचं २०२८ च्या दसऱ्याच्या सुमाराला संपेल, तेव्हा फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून पुढे पाच वर्षं वाढवता येतं. तोवर पीयूसी मात्र वेळेवर, आणि काळा धूर असताना ती प्रामाणिकपणे निघणार नाही, तशी काढूही नका, त्या धुरामागे दुचाकीवर कुणाची तरी पोरं असतात.

आणि सीएनजीचा हिशोब पण मांडून बघू. रोज सत्तर म्हणजे महिन्याला साधारण पंधराशे किलोमीटर, वीसचं ॲव्हरेज धरलं तर पंचाहत्तर लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने पावणेसात हजार रुपये. सीएनजीवर तेच पावणेपाच-पाच हजारांत होईल, म्हणजे महिन्याला दोन हजार वाचले. पण सात लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेचौदा हजार. दोन हजार वाचवायला साडेचौदा हजार भरायचे, हे नुसत्या इंधनासाठी कधीच परवडणार नाही. हां, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, पण त्याच फटक्यात जुन्यांचेही भाव उतरले, धूर सोडणारी आणि चेन वाजणारी गाडी आज विकायला काढली तर एजंट तुम्हाला किती देईल याची कल्पना करा. विकायची असली तरी आधी बरी करून विका.

इथपर्यंत मी तुमच्या गाडीच्या बाजूने बोललो. आता जे सांगतो ते तुमच्या भावाच्या मित्रांना आवडणार नाही आणि बाबांनाही नाही. इंजिन बरं होईल, पण या गाडीची खरी अडचण इंजिन नाहीच. स्टीअरिंगच्या मधोमध बघा, एसआरएस अशी अक्षरं आहेत का. त्या काळी एअरबॅग वरच्या झेडडीआय मॉडेललाच यायच्या, व्हीडीआयला नसणार. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेली आपली स्विफ्ट ६४ किलोमीटरच्या वेगाने आपटवून बघितली तेव्हा शून्य स्टार मिळाले होते. आपल्याकडे पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या त्या २०२१ मध्ये. एअरबॅग नंतर बाहेरून बसवून मिळत नाही, बसवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. गाड्यावेड्यांच्या गप्पांत गाडी मजबूत आहे की नाही हे दरवाजाच्या धप्प आवाजावरून आणि पत्रा अंगठ्याने दाबून ठरवतात, मी पण कॉलेजात असताना तसंच ठरवायचो. पण माणूस वाचतो तो दरवाजाच्या पत्र्यामुळे नाही, आतल्या सांगाड्यामुळे, बेल्टमुळे आणि एअरबॅगमुळे. ज्या कंपनीची गाडी २०१४ मध्ये शून्यावर होती त्याच कंपनीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळालेत, म्हणजे दहा वर्षांत केवढा फरक पडलाय बघा, आणि तो फरक कुठल्याही चेन किटने तुमच्या गाडीत येणार नाही. तुम्ही रोज पाटण रस्त्यावर असता, महिन्याला मुलांना घेऊन घाट उतरता, मला काळजी वाटते ती याची.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. गाडी आत्ता तपासून घेऊन बरी केली असती, चेन आणि हवेची बाजू मिळून माझ्या अंदाजाने पस्तीस हजारांच्या आत यायला हवं, त्याच वेळी टायर, ब्रेक आणि पुढचे बुश बघून घेतले असते. घाट चढून थांबल्यावर गाडी लगेच बंद न करता अर्धा मिनिट तशीच चालू ठेवायची म्हणजे टर्बोला ऑइल मिळत राहतं. ऐंशीच्या वर गाडी पळवायची नाही, आणि मागे बसलेल्या प्रत्येकाला बेल्ट, मुलांनाही, बाबांनाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असेल तरी. २०२२ मध्ये पालघरजवळ अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर बेल्ट न लावता, आणि ती गाडी तर कितीतरी महागडी होती. आणि आजपासूनच महिन्याला दहा-बारा हजार बाजूला टाकायचे, नवी घेतली असती तर हप्ता भरलाच असता ना. २०२८ च्या दसऱ्यापर्यंत ही चालवायची आणि पासिंग वाढवत बसण्यापेक्षा तेव्हा सहा एअरबॅगची, चांगले स्टार मिळालेली गाडी बरेच पैसे रोख भरून घ्यायची.

मधेच कुणी एकदम स्वस्तात चांगली सेकंडहँड गाडी दाखवली तर आपल्या भागात एक गोष्ट विसरू नका. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये तुमचं माहेरचं चिपळूण, किती गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या तुम्ही बघितलंय, त्यातल्या पुष्कळ धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ असते, ती कुणी धूत नाही. सीट पुढे सरकवून रूळांवर गंज बघा, स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. असली गाडी फुकट मिळाली तरी नको, वायरिंग आयुष्यभर रडवतं.

बाबांना समजवायचं म्हणाल तर विकायची गोष्ट आत्ता काढूच नका, खोटं नाही, आत्ता विकायची नाहीच आहे. गाडी गॅरेजला न्याल त्या दिवशी त्यांना बरोबर न्या, खुर्ची टाकून बसू दे. चेन उतरवली की मिस्त्रीला जुनी आणि नवी शेजारी-शेजारी एकाच खिळ्याला टांगायला सांगा, जुनी किती खाली लोंबते ते तुम्हा दोघांनाही दिसेल. नवी बसवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला स्टार्टर बाबांनाच मारू द्या. आणि मला आधीचं रेकॉर्डिंग, कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि त्या चार बाटल्यांचा फोटो पाठवा, धूर पाईपचा निघाला की इंजेक्टरचा ते मला कळायलाच हवं.